एकोणतीस कपांचे तळ

बायकोला मदत करू नये असं माझं म्हणणं नाही. जरूर करावी. फक्त तिला विचारून करावी. हे मी हल्ली ऑफिसात नव्याने लग्न झालेल्या प्रत्येकाला सांगतो, आणि प्रत्येक जण "हो साहेब" म्हणून चहा प्यायला निघून जातो. त्यांचंही बरोबर आहे. मला कोणी सांगितलं असतं तर मीही तेच केलं असतं.

मी विमा कंपनीत आहे. लोक नुकसानीचे अर्ज करतात आणि त्यात खोटं काय लिहिलंय ते मी शोधतो. सव्वीस वर्षं हेच चाललंय. "फ्रीज आपोआप पडला" असं लिहिणाऱ्या माणसाला मी दोन प्रश्नांत घाम फोडू शकतो. या नोकरीने मला एक सवय लावली. कुठलीही वस्तू हातात आली की मी ती आधी उलटी करून बघतो. वरून सगळेच चकाचक करतात, खरी गोष्ट खाली असते. या सवयीबद्दल मला दोनदा बढती मिळालीय, त्यामुळे ती वाईट असेल असं माझ्या कधी मनातही आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मुलगी नोकरीसाठी लांब गेली आणि आमच्या हिने मातीच्या भांड्यांचा क्लास लावला. मला वाटलं, महिनाभर जाईल आणि कंटाळेल. सुरुवातीचे कप मी ऑफिसात पेनं ठेवायला नेले, कारण त्यात चहा ओतला तर तो कुठून बाहेर येईल याचा भरवसा नव्हता. पण ही चिकाटीची. दुसऱ्या वर्षी हिचे कप असे व्हायला लागले की हातात घेतला की खाली ठेवावासा वाटेना. अर्थात हे मी तिच्या तोंडावर कधी बोललो नाही. मी म्हणायचो, "बरा झालाय. कान जरा वाकडा वाटतो." माझ्या हिशेबी ही स्तुतीच होती.

मग क्लासच्या बाई हिला म्हणाल्या, "आता हस्तकला मेळ्यात मांडा." झालं. आमच्या घरातली शांतता त्या दिवशी संपली.

मेळ्याच्या ऑफिसात नोंदणीचे एक साहेब होते. त्यांचे दोन चष्मे होते. एक कागद बघायचा आणि एक माणूस बघायचा. पहिल्या दिवशी आम्ही दोघं गेलो. साहेबांनी कप टेबलावर ठेवून घेतला आणि विचारलं, "वस्तू उपयोगाची की शोभेची?"

"कप आहे," ही म्हणाली.

"ते दिसतंय मला. उपयोगाची की शोभेची?"

"चहा पितात त्यातून."

"मग त्यावर हे पान कशाला काढलंय? पानाचा काय उपयोग?"

इथे मी मध्ये पडलो. म्हटलं, "साहेब, तुमच्याच नियमपत्रिकेतलं कलम चार बघा." एका ऑफिसातल्या माणसाने दुसऱ्या ऑफिसातल्या माणसाला कलम दाखवू नये, हे मला कळायला हवं होतं. साहेबांनी चष्मा बदलला, मला नीट बघून घेतलं आणि म्हणाले, "नमुन्याचे तीन नग आणा. तिन्ही एकसारखे."

दुसऱ्या खेपेला तीन कप नेले. साहेबांनी पट्टी काढून मोजले. "यात फरक आहे. हा दोन मिलिमीटरने बुटका आहे."

"हाताने केलेत ना, एवढा फरक पडतोच," ही म्हणाली.

"मग एकसारखे नाहीत. अर्ज बाद."

"आणि अगदी एकसारखे असते तर?" मी विचारलं.

"तर ते साच्यातले ठरले असते. साच्यातल्या मालाला मेळ्यात बंदी आहे."

मी उठून उभा राहिलो. हिने माझा शर्ट ओढून मला खाली बसवलं. शेवटी साहेबांनी एवढंच सांगितलं की अमुक शुक्रवारी, दुपारी तीन ते चार, अर्जदाराने स्वतः येऊन 'हाताने केल्याचं' हमीपत्र द्यावं, आणि मेळ्याच्या दिवशी टेबलावर कमीत कमी चाळीस नग असावेत. एकोणचाळीस असले तरी टेबल रद्द. बाहेर आल्यावर ही म्हणाली, "शुक्रवारी मी एकटीच जाते. तुम्ही बरोबर असलात की ते चिडतात." मला हे लागलं. आणि त्या शुक्रवारी मी मुद्दाम अर्धी रजा टाकून घरी थांबलो, हिला काहीतरी मदत करायची म्हणून.

आता थोडं मातीकामाचं सांगायला हवं, नाहीतर माझा गुन्हा कळणार नाही. कप घडवला की वाळवायचा, मग एकदा भाजायचा. नंतर त्याला झिलई लावायची. झिलई म्हणजे ताकासारखं पांढुरकं पाणी असतं, त्यात कप बुडवून काढतात. मग पुन्हा भट्टीत घालायचा, तेव्हा कुठे त्याला रंग आणि चकाकी येते. हिने चाळीस कप एकदा भाजून घरी आणले होते आणि आदल्या दोन दिवसांत एकेक करून सगळ्यांना झिलई दिली होती. बाल्कनीत वर्तमानपत्रावर चाळीस कप ओळीने मांडलेले होते. दुपारची वेळ होती, घरात मी एकटा होतो आणि समोर चाळीस वस्तू होत्या.

मी एक उलटा केला.

तळ कोरा होता. सगळा कप पांढरा आणि तळाला लालसर उघडी माती. दुसरा बघितला, तोही तसाच. तिसरा, चौथा, चाळिसावा, सगळे तसेच. बिचारीने दोन दिवस राबून काम केलं आणि घाईघाईत तळ राहून गेले! हे असं घेऊन ही मेळ्यात बसणार, आणि तिथे माझ्यासारखा एखादा माणूस येऊन कप उलटा करणार. मला ते चित्र बघवेना. झिलईची बादली तिथेच होती. ब्रश होता. मी शर्टाच्या बाह्या सरसावल्या.

खोटं सांगत नाही, काम मी फार मन लावून केलं. प्रत्येक तळाला दोन हात दिले. कडेला कुठे पातळ राहिलं तर पुन्हा फिरवलं. एकोणतीस झाले आणि बेल वाजली. शेजारचे सल्लागार आले होते. हे निवृत्त इंजिनिअर आहेत, सल्लागार हे नाव त्यांना आम्ही ठेवलंय. ते तडक बाल्कनीपर्यंत आले, माझ्या हातातला ब्रश बघितला आणि म्हणाले, "वा! वहिनींना मदत चाललीय! ब्रश आडवा फिरवा, उभा नको." मग त्यांनी मला ब्रशाच्या जातींबद्दल पाऊण तास सांगितलं. तोवर हिची यायची वेळ झाली. उरलेले अकरा तसेच राहिले. मी ब्रश धुतला, बादलीला झाकण लावलं आणि सोफ्यावर जाऊन पेपर वाचत बसलो. हमीपत्र मंजूर झालं म्हणून ही खुशीत आली. मी मनात म्हटलं, आपण काय केलंय ते सांगायचं नाही. आपण केलेली मदत आपणच सांगत सुटणं बरं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी मीच कप ओळीने खोक्यांत भरले आणि भट्टीवर नेले. भट्टी क्लासच्या बाईंची. त्यांची कंबर धरलेली होती म्हणून त्या खुर्चीत बसून सूचना देत होत्या. एरवी प्रत्येक भांडं त्या स्वतः तपासून आत ठेवतात. भट्टी विहिरीसारखी खोल, आत एकावर एक फरश्यांचे थर, वरून वाकून कप त्यांवर ठेवायचे. माझे हात लांब, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. ही यादी धरून उभी होती. मी शेवटचं खोकं आणायला गाडीकडे गेलो तेवढ्यात बाईंनी हिला काहीतरी विचारलं आणि हिने मान हलवून "एकूणएक" म्हटलेलं मला दारातून ऐकू आलं. काय एकूणएक ते मला कळलं नाही. खोकं जड होतं.

दोन दिवसांनी भट्टी उघडली. वरच्या थरातले अकरा कप बाईंनी एकेक करून बाहेर दिले. निळे, आत मधासारखा रंग उतरलेला. हिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं आता सांगून टाकावं, तळाचं श्रेय आपणही थोडं घ्यावं. मग खालच्या थराला हात घालून बाईंनी एक कप उचलला. तो हलला नाही. जोर लावला. कान तुटून हातात आला.

"तळ पुसले नव्हते?" बाई म्हणाल्या.

"पुसले होते," ही म्हणाली.

"अहो, झिलई म्हणजे काच. भट्टीत वितळते. तळाला राहिली की भांडं खालच्या फरशीला कायमचं चिकटतं. म्हणून तर तळ ओल्या स्पंजने पुसून कोरा ठेवायचा. पहिल्या दिवशी शिकवते मी हे."

"मी पुसले होते, बाई. एकूणएक."

"पुसले असते तर चिकटले असते का?"

तीन फरश्या बाहेर काढल्या. दहा, दहा आणि नऊ. एकोणतीस कप फरश्यांवर पाय रोवून उभे होते. हिने एकाला हळूच बोट लावलं आणि म्हणाली, "मी पुसले होते... म्हणजे, मला तसं आठवतंय."

मी रिकामी खोकी पुन्हा पुन्हा मोजायला लागलो. इतक्या वर्षांत मी शेकडो लोकांना या अवस्थेत बघितलंय आणि मनातून हसलोय. सांगायला फक्त चार शब्द लागतात, ते माणूस सांगत का नाही, असं मला नेहमी वाटायचं. आता कळलं. त्या चार शब्दांच्या आधी एक आवंढा गिळावा लागतो आणि तो खाली जात नाही.

मी ठरवलं, गाडीत सांगू. गाडी सुरू केली. ही खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आईचं असंच सुरू झालं होतं."

माझ्या सासूबाईंची स्मृती शेवटी शेवटी पार गेली होती. चार वर्षं त्या मला नवीन डॉक्टर समजत होत्या आणि मला बघितलं की जीभ बाहेर काढून दाखवायच्या. हिने ते सगळं काढलंय. सुरुवात कशी झाली ते ही मला पुन्हा सांगायला लागली. आधी गॅस चालू राहायचा, मग दार उघडं राहायचं, आणि आई दर वेळी शपथेवर सांगायची की मी बंद केलं होतं. "आणि तिला खरंच तसं वाटायचं हो," ही म्हणाली. "आज मलाही खरंच तसं वाटतंय."

त्या वेळी, तिथल्या तिथे, गाडी बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. पण मागचा ट्रक हॉर्न वाजवत होता. मी ट्रकचं कारण सांगतोय खरं, पण असा अर्ज माझ्याकडे आला असता तर मी फेटाळला असता.

दुसऱ्या दिवसापासून घरात चिठ्ठ्या लागल्या. गॅसवर 'बंद केला का', दारावर 'किल्ली', बाथरूमच्या आरशावर 'गोळी घेतली का'. हिने भांडी घडवायच्या चाकाला हात लावायचं सोडलं. बाई फोन करायच्या, ही म्हणायची, "सध्या नको. माझ्या हातात राहिलं नाही." मुलीला मी फोन केला, म्हटलं निदान तिला तरी सांगू, ती आईला समजावेल. मी "अगं, आईच्या कपांबद्दल..." एवढं म्हणतोय तोच ती म्हणाली, "बाबा, मला आईने सगळं सांगितलंय. आणि प्लीज, तिच्या चुका काढत बसू नका. तुम्हाला प्रत्येक गोष्ट उलटी करून बघायची सवय आहे." मी "बरं" म्हणून फोन ठेवला.

मग मी चिठ्ठी लिहायचं ठरवलं. ऑफिसात दार लावून बसलो. पहिलं वाक्य असं झालं: 'सदर कपांच्या तळांस अनवधानाने झिलई लावली गेली असल्याचे निदर्शनास आले आहे.' वाचून बघितलं. यात मी कुठेच नव्हतो. झिलई कोणी लावली, कोणाच्या निदर्शनास आलं, काही पत्ता नाही. चार कागद फाडले. पाचव्याला शिपाई फाइल घेऊन आला आणि मी कागद तोंडात घालतो की काय असं त्याला वाटलं असावं.

त्यातून सल्लागारांची धास्ती वेगळीच. त्यांनी मला ब्रशासकट बघितलं होतं. जिन्यात भेटले की ते "काय, रंगकाम कसं झालं?" म्हणायचे आणि मी दोन-दोन पायऱ्या उतरायचो. ते हिच्यासमोर बोलले तर? त्या दिवसापासून त्यांचा एकही सल्ला मला नाकारता येईना. त्यांनी सांगितलं उजव्या कुशीवर झोपा, मी झोपलो. त्यांनी सांगितलं गाडीचं इंजिन ऑइल बदला, मी बदललं. हिच्या विसरण्याचं त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते अक्रोडांची पिशवी घेऊन आले आणि म्हणाले, "रोज शंभरापासून उलटं मोजायचं, सात-सात वजा करत." त्या दिवसापासून आमच्याकडे सकाळचा चहा "त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी" या तालावर व्हायला लागला. ही एकदाही चुकली नाही. मी बहात्तर म्हणायचो आणि पुढे अडकायचो.

दहाव्या दिवशी हिने स्मरणशक्तीच्या डॉक्टरांची वेळ घेतली. आता मात्र माझं धाबं दणाणलं. डॉक्टर तरुण होते, फार सौम्य बोलायचे. त्यांनी हिला पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. किल्ली, गाढव, खुर्ची, पाऊस, लिंबू. मग घड्याळ काढायला लावलं, वार विचारले आणि शेवटी शब्द विचारले. हिने पाचही सांगितले, त्याच क्रमाने.

"यजमानांना काही फरक जाणवतो का?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"मुळीच नाही!" मी इतक्या जोरात म्हटलं की बाहेरची नर्स डोकावली. "उलट हिची स्मरणशक्ती तल्लख आहे. माझा एकोणीस वर्षांपूर्वीचा शब्द ती मला जसाच्या तसा ऐकवते."

"मला बरं वाटावं म्हणून बोलतात हे," ही डॉक्टरांना म्हणाली.

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. माझ्या कपाळावर घाम होता. ते म्हणाले, "तुम्हीही सांगा बघू ते पाच शब्द." मी "गाढव" म्हटलं. मग "किल्ली". आणि मग मी "तळ" म्हटलं. तळ त्या यादीत नव्हता. डॉक्टरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि तीन महिन्यांनी दोघांनाही बोलावलं. हिचं आज सगळं ठीक आहे, पण सुरुवातीला कधी कधी कळत नाही, असंही म्हणाले.

घरी येताना ही म्हणाली, "आईलाही पहिल्या वेळी सगळे शब्द आले होते." मग माझा हात धरून म्हणाली, "तुम्हीसुद्धा जपा हो. आपल्या दोघांचं एकदमच झालं तर कसं व्हायचं?" माझी काळजी! ती माझी काळजी करत होती! रस्ता दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

मेळा चार दिवसांवर आला. हिचं म्हणणं टेबल सोडून द्यावं, अकराच कप आहेत, चाळीस कुठून आणायचे. नवे करायचे म्हटले तर घडवणं, वाळवणं, दोनदा भाजणं, यात तीन आठवडे जातात, आणि करायला ही तयार नव्हती. तेव्हा सल्लागार म्हणाले, "फरश्यांसकट न्या. नियमात काय लिहिलंय? चाळीस नग टेबलावर असावेत. सुटे असावेत असं कुठे लिहिलंय?" ही नको म्हणत होती. पण सल्लागारांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या आणि मी म्हटलं, "नेऊ या. नेऊ याच."

मेळ्याच्या सकाळी आम्ही तिघांनी त्या तीन फरश्या वाहून आणल्या. टेबलावर चादर घातली, पुढे अकरा कप, मागे फरश्या. आजूबाजूला विणलेल्या पिशव्या, लाकडाची खेळणी, मेणबत्त्या. दारं उघडायला अर्धा तास होता. ही खुर्चीच्या कडेवर बसली होती, मांडीवर पर्स, आत्ता उठून जाईल अशी. सल्लागार मेणबत्तीवाल्यांना वात कशी कापावी ते सांगायला गेले. आणि नोंदणीचे साहेब वही काखेत मारून नग मोजत आले.

पुढचे अकरा मोजून झाले. फरशीवरचा एक कप त्यांनी धरला. उचलला. टेबल हललं.

"हे काय आहे?"

"चिकटलेत," मी म्हणालो.

"जो उचलता येत नाही तो नग धरता येत नाही. अकरा भरले. टेबल रद्द."

का कोण जाणे, साहेबांनी चष्मा बदलला, माझ्याकडे नाही, हिच्याकडे बघितलं. मग वहीतून एक पिवळा कागद काढला. "खराब नगांचा अर्ज आहे हा. हा भरून दिला तर खराब नगसुद्धा संख्येत धरता येतात. वाचून दाखवतो. नुकसान कशाने झालं, आणि जबाबदार व्यक्ती कोण. नीट लिहायचं. मोघम चालणार नाही."

हिने पर्समधून पेन काढलं. कागद टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि लिहायला लागली. मी तिच्या खांद्यावरून बघत होतो. तिचं अक्षर गोल आणि स्वच्छ आहे. 'नुकसानीचं कारण' याच्यापुढे तिने लिहिलं, 'माझा विसराळूपणा'. मग क्षणभर थांबली आणि 'विसराळूपणा'च्या पुढे कंस करून लिहिलं, 'आईकडून आलेला'.

"थांब," मी म्हणालो.

"काय झालं? शुद्धलेखन चुकलं का?"

"मी लावली. तळाला झिलई मी लावली. तू हमीपत्र द्यायला गेली होतीस तेव्हा. मला वाटलं तुझे तळ राहिलेत. ब्रशाने लावली, दोन-दोन हात." सल्लागार तेव्हा मेणबत्त्यांपाशी होते, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. त्यांनी मला बोलायला लावलं नाही. एवढी एकच गोष्ट या प्रकरणात माझ्या बाजूने आहे.

हिने पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता संपलं. आता ही ओरडणार, पर्स उचलून निघून जाणार, आणि तिने तसं केलं तर त्यात तिचं काहीही चुकणार नाही.

"म्हणजे मी पुसले होते?" ती म्हणाली.

"हो."

"सगळे? नीट सांगा. तुम्ही बघितलं होतं ना?"

"चाळीसच्या चाळीस. एकही राहिला नव्हता. इतके स्वच्छ पुसले होतेस की मला वाटलं लावायचेच राहिले."

"पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगायला लावलं तिने. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून ती रडायला लागली आणि मधूनच हसायला लागली. पिशव्यांच्या टेबलावरच्या बाई उठून आल्या. साहेबांनी वही काखेतून काढून खुर्चीवर ठेवली आणि कुठूनतरी पाण्याचा पेला आणला. "पुसले होते मी," ती त्या पिशव्यांच्या बाईंना सांगत होती, "बरं का, सगळे पुसले होते." त्यांना काही कळलं नाही, पण त्या "हो, हो" म्हणून तिची पाठ थोपटत राहिल्या.

पाणी पिऊन झाल्यावर तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. आता तिच्या डोळ्यांत हसू नव्हतं.

"किती दिवस झाले?"

"अठरा."

"अठरा दिवस," ती अगदी हळू म्हणाली. "अठरा दिवस मी रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी पोरीचं नाव आठवून बघत होते. येतंय का म्हणून. आलं की मग उठत होते."

मी तिथे टेबलाला धरून उभा होतो आणि माझ्याही डोळ्यांना पाणी आलं, आणि ते पुसायची मला लाज वाटली.

साहेबांनी खोकून तो पिवळा कागद फाडला, दुसरा कोरा काढला आणि पेनासकट माझ्यापुढे सरकवला. "यांनी भरायचाय मग. नुकसानीचं कारण तेवढ्या जागेत मावलं नाही तर मागच्या पानावर लिहा."

मावलं नाही. मागचं अर्धं पान लागलं. एकही गोष्ट सोडली नाही, ट्रकसुद्धा लिहिला. जबाबदार व्यक्ती या रकान्यात माझं पूर्ण नाव लिहून सही केली. तोवर ही खुर्ची पुढे ओढून नीट बसली होती, अकरा कपांचे कान एका दिशेला करत होती. दारं उघडली होती, लोक आत यायला लागले होते. साहेबांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि बोटाने शेवटची ओळ दाखवली.

"हे राहिलंय. अर्जदाराशी नातं."

मी पेन टेकवलं.

"अहो, थांबा," ही कपांवरची नजर न काढता म्हणाली. "ते सध्या रिकामं ठेवा."